खिंडीतल्या गावाचा नकाशा

मंठ्याच्या शाळेत मी चार वर्षं जुगराफिया शिकवला. निजामाच्या राज्यात भूगोलाला जुगराफिया म्हणत आणि तो उर्दूतून शिकवावा लागे. घरी मराठी बोलणारा मी, घरी मराठीच बोलणाऱ्या मुलांना, उर्दूतून सांगत असे की पृथ्वी गोल आहे. मुलं ते पाठ करून म्हणत. त्यांना ते पटलं होतं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मंठ्याला आलो तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, जांबच्या पलीकडच्या एका खेड्यात. निरोप मिळून मी तिथे पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मूलही राहिलं नव्हतं. सासऱ्यांनी मला नदीवर नेऊन जागा दाखवली. आदल्या दिवशी पाऊस झालेला, त्यामुळे ओली माती आणि काळे पडलेले चार दगड, एवढंच तिथे होतं. त्यानंतर मी खात्याला अर्ज केला की माझी बदली कुठेही करा. खात्यानं मंठा दिलं.

मंठा म्हणजे बाजाराचं गाव. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार वेशीबाहेर जायची. मी एका आडत्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत होतो. खाली दिवसभर माणसांचा गलबला असे आणि त्या गलबल्यातला एकही आवाज मला हाक मारत नसे. शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, हैदराबादकडचे होते. सभ्य गृहस्थ, पण बोलणं कामापुरतं. शाळेला शुक्रवारी सुट्टी. तो शुक्रवार मला नकोसा वाटे. कपडे धुऊन वाळत घातले की पुढे करायला काही नसे. शेवटी मी सुट्टीच्या दिवशीही शाळेत जाऊन बसायला लागलो. भिंतीवरचे नकाशे फाटत आले होते. त्यांना मागून खळीनं कापड चिकटवायचं काम मीच माझ्यावर ओढवून घेतलं होतं.

अशाच एका शुक्रवारी दुपारी वर्गाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, पाठीत थोडा वाकलेला, दाढीला मेंदी, अंगात पलटणीतला जुना खाकी कोट. त्याला मी ओळखत होतो. दोन तट्टांवर परतूर स्टेशनातून मीठ आणि रॉकेलचे डबे आणून तो इथल्या दुकानदारांना पोचवायचा. गाव त्याला खच्चरवाला म्हणे, जरी त्याच्यापाशी खेचर एकही नव्हतं.

"सलाम, मास्तर. तुमच्यापाशी युरोपाचा नकाशा हाये म्हणतेत."

"आहे."

"बघू द्याल का? हात न्हाई लावत."

मी नकाशा खाली काढून बाकावर पसरला. त्याला वाचता येत नव्हतं. समुद्र कुठून लागतो, ते त्यानं आधी विचारलं. मी भूमध्य समुद्र दाखवला. मग म्हणाला, "सलोनिका सांगा." ते शहर नकाशात होतं. त्यानं कागदापासून बोटभर अंतर ठेवून आपलं बोट त्यावर धरलं आणि हळूहळू वर न्यायला लागला.

"हितून नदी वर जाती. वरदार तिचं नाव. मंग डोंगर जवळ येतेत. लई जवळ, मधून नुस्ती नदी आन् रेल. त्याच्या म्होरं गाव. हे बघा, हितं. काय लिव्हलंय?"

मी वाकून पाहिलं. तिथे निळी बारीक रेघ होती आणि डोंगर दाखवणाऱ्या काड्या होत्या. नाव नव्हतं.

"काही लिहिलेलं नाही, चाचा."

"न्हाई?" त्यानं बोट त्या जागेवरून हलवलं नाही. "गाव तर हाये. माझा भाऊ हाये तिथं."

मग तो बाकावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं.

पहिल्या मोठ्या लढाईत दोघं भाऊ जालन्याच्या छावणीतून खेचरांच्या पलटणीत भरती झाले. बंदुका नाहीत, खेचरांवर दाणागोटा, दारूगोळा, पाणी लादून पुढे न्यायचं. जहाजानं सलोनिकाला उतरले आणि दोन वर्षं तिथल्या डोंगरांत राबले. शेवटच्या पावसाळ्याच्या सुमाराला, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्याच्या, समोरची फौज एकदम मोडली आणि हे तिच्या मागोमाग नदीच्या काठानं वर निघाले. त्या खिंडीत शिरले तेव्हा धाकट्या भावाला ताप चढला होता. त्या साली जगभर जो ताप आला, तोच तो. खिंड ओलांडून गावात आले, तर पुढचा पूल पाडलेला. पूल बांधेपर्यंत पलटण तिथेच थांबली, तीन दिवस. चौथ्या दिवशी पहाटे भाऊ गेला. दुपारी त्याला माती दिली आणि उन्हं कलायच्या आत पलटण पुढे निघाली.

"कबरीवर दगड रचायलाबी फुरसत न्हाई दिली," तो म्हणाला. "घरी आल्यावर अम्मा रोज इचारायची. कुठल्या अंगाला निजलाय? सावली हाये का? शेजारी कोन हाये? मी सांगायचो. बारा वर्सं सांगितलं. मंग अम्मा गेली. आता इचारणारं कोनी न्हाई, तर मलाच याद राहत न्हाई, मास्तर. परवा परतूरहून येताना त्या गावची मस्जिद डोळ्यासमोर आणून राह्यलो, तर येईचना. पुलाच्या ह्या बाजूला होती का त्या बाजूला? म्हणून आलो. नकाशात लिव्हलेलं असंल म्हणलं."

नकाशात मस्जिद नसते, हे मी त्याला सांगितलं नाही. मी म्हणालो, "आपणच काढू नकाशा. तुम्ही सांगा, मी काढतो."

तेव्हापासून तो दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून शाळेत येऊ लागला. मी कागदाचा एक मोठा कोरा ताव घेतला आणि पेन्सिलीनं कामाला लागलो. आधी नदी. मग दोन्ही बाजूंचे कडे. कडे किती उंच, हे सांगताना तो उठून उभा राहायचा, मान मागे टाकायचा आणि टोपी पडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवायचा. कड्यांच्या कपारींत गिधाडं राहत. आपल्याकडच्यासारखी नव्हेत, फार मोठी. पंख पसरून खिंडीतून जायला लागली की खाली खेचरं बुजत. एका कड्याच्या माथ्यावर जुन्या किल्ल्याच्या भिंती होत्या. "दौलताबाद बघितलंय न्हवं? तसाच बिकट. पर त्याच्यावर आता कोनी न्हाई, नुस्ते दगड." खडकातून आरपार रेल्वेचा बोगदा गेलेला. खिंड संपली की डाव्या हाताला उघडी जमीन, स्टेशन, मग घरं, आणि एक लहानशी नदी येऊन मोठीला मिळते. उतारावर सगळीकडे द्राक्षांचे मळे. पलटण पोचली तेव्हा द्राक्षं पिकून वेलावरच सुकत होती. तोडायला गावात माणसंच उरली नव्हती.

गावातले निम्मे लोक तुर्की बोलत. ह्याला तुर्की येत नव्हती, तरी ह्याचं अडलं नाही. ते सांगताना तो खुलायचा.

"दुकानाला दुकानच म्हणतेत, मास्तर. साबण मागितला, साबणच दिला. शक्कर म्हणलं, शक्कर. दुनिया म्हणलं का दुनिया. मला वाटलं, मी फिरून जालन्याच्या सदर बाजारात आलो. एक लफ्ज मातर येगळा. मुसाफिर म्हणजे त्यांच्यात पाव्हणा. ज्या बुढीच्या घरी भावाला ठेवलं होतं, ती त्याला मुसाफिर म्हणायची. मी म्हणायचो, न्हाई, आमी मुसाफिर न्हाई, फौजवाले हाओत. ती हसायची. मंग तुर्की येणाऱ्या एका फौजवाल्यानं समजावलं."

त्या म्हातारीनं तीन दिवस आजारी पोराला दूध पाजलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. तिची स्वतःची दोन मुलं लढाईत गेलेली. गावच्या मौलवीनं जनाज्याची नमाज पढवली. ती शब्दन् शब्द इथल्यासारखीच होती, म्हणून ह्याला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. कबरस्तान लहान नदीच्या पलीकडे. तिथे तुतीची झाडं होती.

नकाशा मात्र सहजासहजी झाला नाही. मस्जिद कधी पुलाच्या अलीकडे येई, कधी पलीकडे. एका शुक्रवारी तो सांगे की म्हातारीच्या दारातून स्टेशन दिसायचं. पुढच्या शुक्रवारी म्हणे, न्हाई, मधे टेकाड होतं. मी खोडायचो आणि परत काढायचो. एका जागी कागद इतका पातळ झाला की मागून खळीनं कागदाची पट्टी चिकटवावी लागली. तो चिडायचा, माझ्यावर नव्हे, स्वतःवर. "त्या गल्लीतून मी बादली घेऊन कितींदा गेल्तो, आन् आता डाव्या हाताला का उजव्या, ते सांगता येत न्हाई." अशा वेळी मी विषय बदलायचो. मला घाई नव्हती. खरं सांगायचं तर नकाशा लवकर पुरा होऊ नये असंच मला वाटत होतं. शनिवारपासून मी पुढच्या शुक्रवारचे प्रश्न जमवायला लागे: विहीर होती का, भाकरी कशाची, जळण कुठून आणत. आडत्याच्या घरून आलेलं ताट समोर ठेवून मी त्या गावातल्या गल्ल्यांत फिरत असे.

एकदा त्यानं पेन्सिलीकडे बघत विचारलं, "तुमचं कोनी न्हाई का, मास्तर?"

मी सांगितलं. बायकोचं, मुलाचं, ओल्या मातीचं. मंठ्यात हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नदी कंची?" मी नदीचं नाव सांगितलं. "काठाला झाडं हायेत?" मला आठवेना. मी तिथे उभा राहिलो होतो आणि मी झाडं पाहिली नव्हती.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी परतूरपर्यंत गाडीनं आणि तिथून रेल्वेनं जालन्याला गेलो. मिशनच्या दवाखान्यामागच्या बंगल्यात एक गोरे पाद्री राहत. त्यांच्याकडे मोठा ॲटलास आणि जाडजूड इंग्रजी ज्ञानकोश असल्याचं मी ऐकून होतो. ओळखपाळख नव्हती, पण त्यांनी बसवून घेतलं. खच्चरवाल्याच्या तोंडी गावाचं नाव 'देमिर कापी' असं होतं. ॲटलासात, सलोनिकापासून नदीनं वर जाता जाता, मुंगीएवढ्या अक्षरांत ते सापडलं: देमिर कापिया. ह्या तुर्की नावाचा अर्थ लोखंडी दरवाजा, असं पाद्र्यांनी वाचून सांगितलं. कोशात थोडी माहिती होती. नदीनं खडक कापून केलेली अरुंद घळ. प्राचीन राजांच्या वेळचा, कड्यात कोरलेला रस्ता. माथ्यावरच्या किल्ल्यातून एका बंडखोर सरदारानं बादशहाला दाद दिली नव्हती, अशी हकिकत. द्राक्षं आणि गिधाडं. मी ते सगळं उतरवून घेतलं. गिधाडांशी आलो तेव्हा मला हसू आलं, आणि पाद्र्यांनी का म्हणून विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या बाईसाहेब दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, मग पत्र का लिहीत नाही? मौलवी आहे की नाही कोण जाणे, पण रेल्वे आहे म्हणजे स्टेशनमास्तर असणारच. त्यांनीच फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं, कारण तिकडे इंग्रजी चालणार नाही असं त्यांना वाटलं. मी माझ्या नकाशाची लहान नक्कल करून आत घातली आणि कबरस्तानाच्या जागी फुली केली.

परत आल्यावर खच्चरवाल्याला सांगितलं तेव्हा तो घाबरला. "सरकारी कागद झाला का?" म्हणाला. मी नाही म्हटलं. मग त्यानं कोशातली माहिती मला तीनदा वाचायला लावली. बंडखोर सरदाराची हकिकत त्याला फार आवडली. "बघा, मी म्हणत न्हवतो? बिकट जागा हाये."

सात महिने काही आलं नाही. शुक्रवार चालूच होते. मग उन्हाळ्यात पाद्र्यांच्या पत्त्यावरून एक लखोटा मला आला. आत खिंडीचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड आणि दोन पानांचं पत्र. पत्राचं एक अक्षर मला कळेना. इंग्रजी नाही, फ्रेंच नाही, तुर्कीची जुनी, उर्दूसारखी दिसणारी लिपीही नाही. सोबत पाद्र्यांची चिठ्ठी होती: ही सर्बियन लोकांची लिपी आहे, मलाही येत नाही, मुंबईत एक ओळखीचे गृहस्थ आहेत, पत्र परत पाठवलंत तर त्यांच्याकडून करून घेतो.

शुक्रवारी मी त्याच्यापुढे दोन्ही ठेवलं. पत्राकडे त्यानं पाहिलंही नाही; त्याला सगळ्या लिप्या सारख्याच. त्यानं चित्र उचललं. दारापाशी उजेडात नेलं. दोन कडे, मधून नदी, कडेनं रेल्वेचा रूळ. "हेच," म्हणाला. नंतर म्हणाला, "पर इतकं बारीक कसं झालं?" आणि एकाएकी खाली बसून रडायला लागला. मी त्याच्याजवळ उभा राहिलो.  शेवटी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मुंबईहून पत्राचं इंग्रजी पावसाळा संपता संपता आलं. मी ते त्याला मराठीतून सांगितलं. स्टेशनमास्तरनं लिहिलं होतं की तो सहा वर्षांपासून त्या गावात आहे. लहान नदीपलीकडे मुसलमानांचं जुनं कबरस्तान आहे. बरीच कुटुंबं तुर्कस्तानात निघून गेली. चार-पाच घरं राहिली आहेत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला घेऊन तो तिथे गेला होता. दगड पडले आहेत, शेळ्या चरतात. तापाच्या साली परके शिपाई तिथे पुरले होते, एवढं म्हाताऱ्याला आठवत होतं. कोण, ते आठवत नव्हतं. कडेच्या तुतीखाली ओळीनं तीन कबरी आहेत. त्यांतली कुठली ती सांगता येणार नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आणि शेवटी: आपल्या नकाशात मस्जिद पुलाच्या अलीकडे दाखवली आहे, ती पलीकडे आहे.

वाचताना मी ह्या शेवटच्या ओळीला भीत होतो. पण त्याचं लक्ष तिच्याकडे गेलंच नाही.

"तीन म्हणतो?"

"तीन. ओळीनं."

"मंग बराबर. आमच्या मागून दुसरी पलटण आल्ती. त्यांच्यातले असतेल." त्यानं बाकावरचं पोस्टकार्ड उचललं. "एकटा न्हाई तो. मी अम्माला सांगायचो का एकटाच हाये, पर जागा चांगली हाये. मला काय मालूम."

"शेळ्यांचं वाईट वाटलं का?"

"छे. शेळ्या चरतेत म्हणजे पोरंसोरं येत असतेल तिथं."

त्यानं पोस्टकार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मी नकाशाची गुंडाळी पुढे केली. तो म्हणाला, "राहू द्या तुमच्यापाशी. मी काय करू त्याचं?" मला दोन्ही हातांनी सलाम करून तो गेला.

पुढच्या शुक्रवारी मी मस्जिद खोडून पुलाच्या पलीकडे काढली आणि त्याची वाट पाहिली. तो आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. बाजारात भेटला तेव्हा नेहमीच्या मोकळेपणानं बोलला, तट्टाच्या पायाला सूज आल्याचं सांगितलं. मी म्हटलं, या की शुक्रवारी. "येतो, येतो," म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याचं काम झालं होतं. जे हरवू नये म्हणून तो येत होता, ते आता कुणीतरी तिकडे जाऊन पाहून आलं होतं. त्याला रोज उगाळायची गरज राहिली नव्हती. हे मला कळत होतं. तरी मी शुक्रवारी वर्गाचं दार उघडं ठेवून बसत असे आणि बाहेर पाऊल वाजलं की मान वर करत असे. संक्रांतीच्या सुमाराला कळलं की त्यानं तट्टं विकली आणि तो भोकरदनकडे बहिणीच्या मुलीकडे राहायला गेला. निघताना मला भेटला नाही. मी त्या दिवशी शाळेतच होतो.

त्यानंतर दुसरी मोठी लढाई सुरू झाली. उर्दू अखबारात तिकडच्या गावांची नावं येऊ लागली, आणि ती मी एकट्यानंच वाचत होतो. एकदा हेडमास्तरांशी मी त्या खिंडीचा विषय काढला. त्यांनी मान हलवून ऐकून घेतलं आणि परीक्षेच्या तारखा विचारल्या.

पुढे माझी बदली भोकरदनला झाली. तिथून राजूर जवळच. एका अंगारकीला शाळेतली मंडळी गणपतीला निघाली, तेव्हा मीही गेलो. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना दुकानं लागलेली. नारळ, दुर्वा, खेळणी. बांगड्यांच्या एका दुकानात तो बसलेला दिसला. भाचजावयाचं दुकान होतं. दाढी आता पांढरीच राहू दिली होती. तो एका लहान मुलीचा हात आपल्या हातात घेऊन, तिचं लक्ष दुसरीकडे वळवत, बांगडी चढवत होता.

"अरे मास्तर!" त्यानं लगेच ओळखलं. मला आत बसवलं, भाचीला हाक मारून चहा करायला सांगितलं. भाचीला चार मुलं. थोरल्या मुलीचं लगीन ठरलंय, जावई औरंगाबादेत गिरणीत आहे, असं तो सांगत राहिला. मुलं त्याच्या मांडीवर चढत होती, पाठीवर पडत होती, आणि तो त्यांना ढकलत बोलत होता. मधे गिऱ्हाईक आलं की उठायचा. मी चहा प्यालो. मला त्याला विचारायचं होतं की म्हातारीच्या दारातून स्टेशन दिसायचं की नाही, कारण ते आमचं तसंच राहून गेलं होतं. मी दोनदा तोंड उघडलं. पण समोर बायकांची झुंबड, एकीला हिरव्या पाहिजेत, एकीला काचेच्या नकोत, आणि तो सगळ्यांना एकाच वेळी उत्तरं देत होता. त्याचा चेहरा मी इतका निवांत कधी पाहिला नव्हता.

"दर्शन झालं का?" त्यानं विचारलं.

"जायचंय अजून."

"मंग जा जल्दी. रांग लई वाढून राह्यली."

मी रांगेत उभा राहिलो. ऊन होतं. पुढचा माणूस आपल्या बायकोशी घरच्या म्हशीबद्दल बोलत होता, आणि रांग पुढे सरकेपर्यंत मी ते सगळं ऐकत राहिलो.